नक्कल पाठ असलेला मुलगा

बाबू तेव्हा दहा वर्षांचा होता, चौथीत. शाळेच्या गॅदरिंगमध्ये वर्गाचं वीस मिनिटांचं नाटक होतं आणि त्यात त्याला झाडाचं काम मिळालं होतं. अंगाला तपकिरी कापड, दोन्ही हातांत कडुनिंबाच्या फांद्या. हलायचं नाही आणि बोलायचं नाही, एवढंच त्याला सांगितलं होतं. दोन आठवडे तो तालमीत तसा उभा राहिला. कार्यक्रमाच्या दिवशी सरपंचाचं काम करणारा मुलगा मधेच अडला. हॉल गप्प झाला आणि झाड बोललं. सरपंचाचं पुढचं वाक्य, जसंच्या तसं, त्याच मुलाच्या आवाजात. लोक हसले. बाईंनी विंगेतून ओठांवर बोट ठेवलं. सरपंच पुन्हा अडला, झाड पुन्हा बोललं, हशा वाढला आणि तेवढ्यात माइक किंचाळला. बाबूने फांद्या टाकल्या, कान दाबले आणि स्टेजवरून उडी मारून तो पळाला. अर्ध्या तासाने जिन्याखाली सापडला. गुडघा फुटला होता, पाठ भिंतीला घट्ट लावलेली होती आणि तोंडाने सरपंचाचं तेच वाक्य चालू होतं.

सोमवारी शाळेतून आईला सांगण्यात आलं की पुढच्या वर्षी गॅदरिंगला त्याला घरीच ठेवा, त्याच्याच भल्यासाठी. त्या आठवड्यात आई माझ्याकडे आली. मी विशेष शिक्षिका आहे आणि बरीच वर्षं नागपुरातल्या हौशी नाटकांमध्ये बॅकस्टेज सांभाळते. मूल, शाळा आणि घर ओळखू येणार नाही इतके तपशील बदलून, आईबाबांच्या परवानगीने हे लिहिते आहे. बाबू हे त्याचं खरं नाव नव्हे. आमच्याकडे घरोघरी एक बाबू असतोच.

घर

नागपूरच्या महाल भागात भाड्याच्या दोन खोल्या. बाबा बुटीबोरीच्या कारखान्यात, आठवड्याला शिफ्ट बदलते. आई घरी साड्यांना फॉल-पिको करते. आजोबा गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा भागातले. आजी गेल्यावर ते मुलाकडे राहायला आले.

बाबूचं ऑटिझमचं निदान साडेचार वर्षांचा असताना झालं. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी भारतात ऑटिझमची तीव्रता मोजायला जी आयएसएए मोजपट्टी वापरतात, तिच्यावर त्याचे ११२ गुण आले. १०७ ते १५३ म्हणजे मध्यम. मोजपट्टीत एकूण ४० मुद्दे आहेत, त्यात नजरेला नजर देतो का, ऐकलेलंच पुन्हा बोलतो का, असे प्रश्न येतात. मराठीत ऑटिझमला स्वमग्नता म्हणतात. मला तो शब्द कधीच पटला नाही. बाबूला पुढच्या गल्लीतली पिठाची गिरणी सुरू झालेली आमच्याआधी कळते, ट्यूबलाइटची गुणगुण ऐकू येते, आईने कपड्याचा साबण बदलला तर तो तो सदरा घालत नाही. ज्याच्यावर जग इतकं आदळतं, त्याला स्वतःत मग्न कसं म्हणायचं?

महालात राहणाऱ्या अशा मुलाला वर्षातला सगळ्यात कठीण दिवस म्हणजे मारबतीचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठाले पुतळे, निघतात, पुढेमागे बडगे, म्हणजे टीका करणारे पुतळे, ढोल-ताशे, रस्ता माणसांनी फुललेला. ही आमची रस्त्यावरची रंगभूमी आहे. चालू घडामोडींवर त्या दिवशी बडगे जितकं थेट बोलतात तितकं वर्षभर कुणी बोलत नाही. बाबू सहा वर्षांचा असताना खिडकीच्या गजांना धरून तो पुतळा डोळे भरून पाहत होता, कानांवर उशी दाबून. ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ हे त्याने लगेच उचललं आणि दिवसभर म्हणत राहिला. तेव्हा घरी आलेल्या एका नातेवाईक बाई सहज बोलून गेल्या, “याचं हे दुखणंही घेऊन जाऊ दे मारबतीला.” आईने मला हे चार वर्षांनी सांगितलं तेव्हा तिच्या हातातली साडी तशीच राहिली. “मॅडम, त्या वाईट बोलल्या नाहीत, मला माहीत आहे. पण दुखणं गेल्यावर उरलं कोण असतं हो?”

नक्कल

पहिल्या भेटीत मी जुन्या फाइली वाचल्या. जवळपास प्रत्येक कागदावर एक वाक्य होतं: मूल ऐकलेल्या बोलण्याची नक्कल करते, ही सवय कमी करावी. तीन वर्षं तेच चाललं होतं. तो पुन्हा बोलला की दुर्लक्ष करायचं, स्वतःचं वाक्य बोलला की चॉकलेट.

आजोबा कोपऱ्यात बसून ऐकत होते. मी मोठ्याने वाचत होते. ‘नक्कल’ शब्द आला तसे ते सरळ बसले.

“मॅडम, म्हणजे याले नक्कल पाठ हाय. मग त्यात वाईट काय हाय जी?”

आजोबांनी वीसेक हंगाम झाडीपट्टीच्या नाटकांत प्रॉम्प्टर, म्हणजे नट अडला की वाक्य सुचवणारा, म्हणून काढले होते. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया हा धानाचा पट्टा, म्हणजे झाडीपट्टी. दिवाळीनंतर धान कापून झाला की होळीच्या सुमारापर्यंत तिथे गावोगाव नाटकं होतात, बरेचदा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, किंवा मंडई, म्हणजे गावची जत्रा, यांच्या निमित्ताने. रात्री सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत चालतो. देसाईगंज, म्हणजे वडसा, हे या कंपन्यांचं माहेरघर. एकच नट हंगामात वेगवेगळ्या नाटकांत वेगवेगळी कामं करतो, आज इथे, उद्या तीस कोसांवर. तिथे प्रॉम्प्टरवाचून चालत नाही. आणि नटाला मिळणारा त्याच्या वाक्यांचा कागद, त्याला जुन्या नाटकवाल्यांच्या भाषेत नक्कल म्हणतात. नक्कल पाठ असणं ही शाबासकीची गोष्ट.

डॉक्टरांनी लिहिलेली नक्कल आणि आजोबांनी ऐकलेली नक्कल, दोन वेगळे शब्द होते. मी आजोबांचा धरला.

माझ्या शिक्षणाने मला हे आधीच सांगितलेलं होतं, पण मी त्याचा उपयोग केला नव्हता. मानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ऑटिझम असलेल्या अकरा मुलांचं वर्णन करताना हे पुन्हा पुन्हा बोलणं नोंदवलं होतं. १९८१ मध्ये बॅरी प्रिझंट आणि ज्युडिथ डचन यांनी दाखवलं की या प्रतिध्वनीसारख्या बोलण्याला कामं असतात: मूल त्यातून होकार देतं, मागणी करतं, बोलण्याची पाळी सांभाळतं. मी आईला म्हटलं, पंधरा दिवस फक्त लिहून काढा, तो काय म्हणतो आणि त्याआधी काय झालं. आईने साडीच्या दुकानाच्या बिलांमागे लिहिलं. त्यातल्या दोन गोष्टी सांगते. कुणी फार जवळ आलं की तो मेट्रोतल्या घोषणेच्या आवाजात म्हणायचा, “कृपया दरवाजांपासून दूर राहा.” आणि भूक लागली की, “तर्री टाकू का वरून?” चौकातल्या पोहेवाल्याचा सूर, अगदी तोच. तीन वर्षं आम्ही या मुलाची भूक दुर्लक्षित करत होतो, आणि तो गप्प बसला की त्याला प्रगती म्हणत होतो. हे लिहिताना मला आजही जड जातं.

एप्रिलमध्ये कूलर लागला तेव्हा आणखी एक दिसलं. बाबू कूलरच्या जाळीला तोंड लावून संवाद म्हणायचा. पंख्याने आवाज तुटत तुटत परत यायचा आणि तो थांबून ऐकायचा, मग पुढचं वाक्य. आजोबा पलंगावरून म्हणाले, “समोरून कोणी बोलून नाही राह्यलं ना. म्हणून कूलरसंगं बोलते पोट्टा.” मग सरपंचाच्या वाक्याआधीचं वाक्य त्यांनीच म्हटलं. आईने नाटकाचा कागद जपून ठेवला होता. बाबूने कूलर सोडला, वळला, आजोबांच्या गुडघ्याकडे पाहत सरपंचाचं वाक्य बोलला आणि वाट बघत उभा राहिला. त्या दिवशी संपूर्ण नाटक त्या दोघांनी चार वेळा केलं.

तालीम

जूनपासून आम्ही सात मुलांचा गट केला. त्यातली तीन ऑटिझम असलेली, एक डाउन सिंड्रोमची मुलगी, तीन शेजारची. आठवड्यातून दोन दिवस, साडेचार ते साडेपाच, एका शाळेचा रिकामा वर्ग.

पहिले दोन महिने मी वाया घालवले. मी चेहऱ्यांची चित्रं आणली: आनंद, राग, भीती. आरसा आणला. राग आला की भुवया अशा, हे शिकवू लागले. बाबू चित्रं लांबीनुसार लावायचा. तिसऱ्या आठवड्यात त्याने माझा हात धरून आरसा उलटा केला आणि मेट्रोवाली घोषणा म्हटली. मी त्याला इतर मुलांसारखा दिसायला शिकवत होते, आणि नाटकाचा तो उपयोग मला आता चुकीचा वाटतो. सभ्य चेहरा करून दाखवायला लावणं म्हणजे मुलाकडून दिवसभर भूमिका करून घेणं. मोठी झालेली ऑटिस्टिक माणसं या मुखवट्याच्या थकव्याबद्दल लिहितात, बोलतात. त्यांचं ऐकायला हवं.

आरसा परत नेला आणि आजोबांना बोलावलं.

त्यांनी पहिल्या दिवशी जमिनीवर खडूने फुल्या मारल्या. कोण कुठे उभा राहील, कुठून येईल, कुठे जाईल. बाबूने फुली पाहिली आणि तिच्यावर जाऊन उभा राहिला, टाचा जुळवून. मधल्या सुट्टीत कोण कुठे उभा राहणार हे त्याला कुणी कधी सांगितलेलं नसतं. तिथे तो भिंतीला धरून असतो. इथे प्रत्येकाची जागा ठरलेली, बोलायची पाळी ठरलेली, समोरचा काय बोलणार हे आधीच माहीत, आणि चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून करण्यावर कुणाची हरकत नाही. नाटकाची तालीम ही मला माहीत असलेली एकमेव जागा आहे जिथे तेच ते पुन्हा करण्याला काम म्हणतात. बाबू तालमीसाठी घड्याळ बघू लागला.

आजोबांनी त्याला प्रॉम्प्टर केलं. स्टेजच्या कडेला, प्रेक्षकांना दिसेल असा, छोट्या डेस्कवर वही घेऊन. सगळ्यांच्या नकला त्याला आठ दिवसांत पाठ झाल्या, वहीची गरजच नव्हती. पण वही हवी, असं आजोबा म्हणाले आणि ते पुढे फार उपयोगी पडलं.

कारण अडचण लगेच उभी राहिली. एका मुलाने ‘मी उद्या येतो’ ऐवजी ‘मी उद्या येईन’ म्हटलं. बाबूने दुरुस्त केलं. मुलगा पुन्हा तेच बोलला. बाबू उठला, स्वतःच्या मनगटाला चावला, डेस्क आडवा झाला. असं पाच-सहा तालमींत झालं. दोन पालक म्हणाले, त्याला दुसरं काही काम द्या. त्यांचं चूक नव्हतं, त्यांची मुलं घाबरत होती. आई म्हणाली, “आम्ही थांबतो मॅडम.” तिच्या आवाजात सवय होती.

आजोबांनी एक आठवडा मागितला. ते म्हणाले, “प्रॉम्प्टरले दोन गोष्टी येयला पायजे. काय द्यायचं थे, अन् काय सोडायचं थे. याले मी पयलंच शिकवलं.” त्यांनी वही घेतली आणि पेन्सिलीने काही शब्दांभोवती गोल केले. गोल केलेला शब्द बदलू शकतो. बाकीचे बदलत नाहीत. पहिल्या दिवशी सबंध नाटकात तीनच गोल होते. बाबूने ते मोजले. त्या तीन शब्दांना मुलांनी मुद्दाम वेगवेगळे शब्द घातले. प्रत्येक वेळी तो गोलावर बोट ठेवून बसला, बोट पांढरं पडेपर्यंत दाबून, आणि बसून राहिला. पुढच्या आठवड्यात सात गोल, मग बारा. दिवाळीपर्यंत चाळीस. उरलेले शब्द मुलांनी पाळायचे, हे त्यांच्याकडूनही ठरलं. आम्ही बाबूला बदल सहन करायला शिकवलं असं सगळे म्हणतात. माझ्या दृष्टीने तितकीच मोठी गोष्ट ही की सहा मुलांनी उरलेला प्रत्येक शब्द एका मुलासाठी जपला.

कुणाचं नाटक

राज्य नाट्य स्पर्धेत दिव्यांग मुलांच्या बालनाट्यांचा वेगळा विभाग आहे. त्यात उतरायचं का, यावर पालकांची दोन बैठका चर्चा झाली. मी उतरण्याच्या बाजूने नव्हते. ती स्पर्धा चांगली आहे आणि तिने कितीतरी मुलांना स्टेज दिलं आहे. पण अनोळखी थिएटर, मोजलेली वेळ, परीक्षकांसमोर एकच प्रयोग, हे आमच्या तीन मुलांना त्या वर्षी झेपणारं नव्हतं.

त्या चर्चेत एका बाबांनी विचारलं, “अशा मुलांचं आणि नाटकाचं नातं तरी काय?” प्रश्न प्रामाणिक होता. नातं फार जुनं आहे आणि बराच काळ एकतर्फी होतं. भरताच्या नाट्यशास्त्रात विदूषकाचं वर्णन आहे: बुटका, दात पुढे आलेला, कुबडा, टकला. वेगळं शरीर म्हणजे हसायची जागा, हे आपल्या रंगभूमीला सुरुवातीपासून ठाऊक आहे. पुढे जयवंत दळवींच्या ‘नातीगोती’ने मतिमंद मुलाच्या घरात प्रेक्षकांना नेलं, आईबापांची दमछाक दाखवली, आणि त्यामुळे अनेक घरांना पहिल्यांदा आपलं काहीतरी स्टेजवर दिसलं. तरी तो मुलगा उभा करणारा नट निरोगीच होता. स्वागत थोरात यांनी अंध कलाकारांना घेऊन ‘अपूर्व मेघदूत’ केलं तेव्हा बाजू बदलली. ऑस्ट्रेलियात जिलाँग या शहरात १९८७ पासून बॅक टू बॅक ही नाटक कंपनी बौद्धिक अपंगत्व असलेल्या आणि न्यूरोडायव्हर्स, म्हणजे मेंदूची घडण वेगळी असलेल्या, नटांची आहे, नाटकंही तेच घडवतात. २०२२ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय इब्सेन पुरस्कार मिळाला. मी त्या बाबांना एवढंच म्हटलं की आमचा बाबू या रांगेत शेवटी उभा आहे, पण रांग तीच आहे.

कायद्याचंही सांगितलं. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने २१ अपंगत्वं मानली, त्यात ऑटिझम आहे. कलम १६ शाळेला भेदभाव न करता प्रवेश आणि मुलाच्या गरजेप्रमाणे सोयी द्यायला सांगतं, कलम २९ संस्कृती आणि करमणुकीबद्दल आहे. गॅदरिंगच्या दिवशी मुलाला घरी ठेवा, हा सल्ला या दोन्हींत बसत नाही. आईने ती कलमं एका कागदावर लिहून घेतली.

प्रयोग

जानेवारीत, रविवारी दुपारी, त्याच शाळेच्या हॉलमध्ये. साठ खुर्च्या. न्यूयॉर्कमध्ये २ ऑक्टोबर २०११ ला ब्रॉडवेवर खास ऑटिझम असलेल्या प्रेक्षकांसाठीचा पहिला प्रयोग झाला, ‘द लायन किंग’चा, त्यात आवाज आणि प्रकाश सौम्य केले होते, शांत बसायला वेगळी जागा होती. आम्ही आमच्या ऐपतीने तेच केलं. माइक लावला नाही. अंधार केला नाही. ट्यूबलाइट काढून पिवळे बल्ब लावले. शेजारच्या वर्गात सतरंजी आणि उशा. दारावर आईने पाटी लिहिली: मुलं उठली, फिरली, आवाज केला तर चालेल. टाळ्या वाजवू नयेत, दोन्ही हात वर करून हलवावेत, मूकबधिर लोक करतात तसे. बाबूला आधीच्या आठवड्यात रिकामा हॉल तीनदा दाखवला.

नाटक पस्तीस मिनिटांचं होतं, त्याला बावन्न लागली. एक मुलगा मधे दहा मिनिटं सतरंजीवर जाऊन आला, नाटक थांबलं, लोक थांबले. बाबूने अकरा वेळा वाक्यं दिली, दबक्या आवाजात, आजोबांनी शिकवल्याप्रमाणे वाक्याचे पहिले दोनच शब्द. कुणी हसलं नाही.

शेवटच्या प्रवेशात डाउन सिंड्रोमच्या त्या मुलीला म्हणायचं होतं, ‘चला, घरी जाऊ.’ तिने समोर आपली आजी बसलेली पाहिली आणि म्हणाली, ‘चला, आजीकडे जाऊ.’ त्या शब्दाला गोल नव्हता. मी विंगेत होते. बाबूचा हात मनगटाकडे गेला. आजोबा दुसऱ्या बाजूला उभे होते, ते हलले नाहीत. बाबूने वहीत पाहिलं, मग मुलीकडे, मग पुन्हा वहीत. डेस्कवरची पेन्सिल घेतली, ‘घरी’भोवती सावकाश गोल काढला, नीट जुळेपर्यंत गिरवला, आणि पेन्सिल खाली ठेवली. साठ माणसांचे हात वर हलत होते तेव्हा तो अजून त्या गोलाकडे बघत होता.

त्यानंतर

आमच्या गटातल्या दुसऱ्या एका ऑटिस्टिक मुलाला नाटक अजिबात आवडलं नाही, तो आता पोहायला जातो आणि तिथे खूश आहे. बाबूच्या बाबतीत जमलं त्याला आजोबा कारण आहेत, आणि असे आजोबा मी कुणाला चिठ्ठीवर लिहून देऊ शकत नाही. बाबू अजून मनगटाला चावतो, महिन्यातून दोन-तीनदा. मारबतीच्या दिवशी ते सगळे अजूनही पहाटेच नंदनवनला मावशीकडे जातात. शाळेने पुढच्या गॅदरिंगला त्याला बोलावलं, आई तो कलमांचा कागद घेऊन जाऊन आल्यावर. काम दिलं पडदा ओढायचं. त्याने बरोबर वेळेवर ओढला.

बाबांची शिफ्ट बदलली की घरात मोठा त्रास व्हायचा, दोन-दोन रात्री बाबू झोपायचा नाही. आईने आता कॅलेंडरवर बदलाच्या तारखांना पेन्सिलीने गोल करायला सुरुवात केली आहे. परवा मी गेले तेव्हा बाबा नुकतेच कंपनीच्या बसमधून उतरून आले होते आणि सांगत होते की ओव्हरटाइममुळे शनिवारचंही नक्की नाही. बाबू उठला, स्टूल ओढलं, शनिवारभोवती गोल केला आणि म्हणाला, “तर्री टाकू का वरून?” आईने कढई गॅसवर ठेवली.